‘आई काय करत होती?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवून

मुंबई, ठाणे, वसई-विरार किंवा पुण्याच्या बातम्यांमध्ये अधूनमधून तो मजकूर येतोच: अमुक मजल्यावरच्या खिडकीतून दोन-तीन वर्षांचे मूल खाली पडले. बातमी चार ओळींची असते आणि तिच्यावरच्या चर्चेतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आई काय करत होती?’ आई बहुधा तेच करत होती, जे त्या वेळी कुठल्याही घरातली आई करत असते. कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, दाराला कुलूप लावत होती, थोरल्याचा डबा भरत होती. खिडकीखाली काय ठेवलेले होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

लक्ष ठेवणे आणि कठडा बांधणे

गावातल्या विहिरीला कठडा बांधतात तेव्हा त्याचा अर्थ गावकऱ्यांना नीट चालता येत नाही असा कोणी काढत नाही. रात्री अंधार असतो, कोणाच्या डोक्यावर भारा असतो, एखादे मूल धावत येते, आणि वर्षातून एकदा का होईना कोणाचे तरी पाऊल चुकते, म्हणून कठडा असतो. बालसुरक्षेच्या शास्त्रात याला ‘निष्क्रिय संरक्षण’ म्हणतात. म्हणजे एकदा बसवले की रोज कोणाच्या आठवणीवर, जागरणावर किंवा स्वभावावर अवलंबून न राहणारा बंदोबस्त. इथून पुढे मी त्याला कठडाच म्हणेन.

लक्ष ठेवणे गरजेचेच आहे, पण त्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. दारावरची बेल, फोन, उतू जाणारे दूध, स्वतःची लघवी, अशा कोणत्याही कारणाने दिवसातून पन्नास वेळा आपले लक्ष अर्धा मिनिट तरी मुलावरून हटते आणि ते हटणारच असते. उलट घरातले गंभीर अपघात सेकंदांत घडतात. त्यामुळे प्रत्येक धोक्याला एकच प्रश्न विचारावा: याला किती वेळ पुरतो? जिथे उत्तर अर्ध्या मिनिटापेक्षा कमी आहे, तिथे लक्ष ठेवण्याच्या भरवशावर राहता येत नाही आणि कठडाच लागतो.

कठड्याने फरक पडतो, याचे एक चांगले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तिथे उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुले पडण्याचे प्रमाण चिंताजनक झाल्यावर १९७२ मध्ये शहराच्या आरोग्य विभागाने एक मोहीम सुरू केली आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना खिडक्यांसाठी गज फुकट वाटले. ब्राँक्स भागात नोंदवल्या गेलेल्या अशा घटना १९७३ ते १९७५ या काळात निम्म्याने घटल्या. १९७६ मध्ये शहराने नियमच केला की दहा वर्षे किंवा त्याहून लहान मूल राहत असलेल्या भाड्याच्या घरात घरमालकाने खिडकीला गज बसवले पाहिजेत. त्या चार वर्षांत न्यूयॉर्कच्या आया काही एकाएकी दुपटीने सावध झाल्या नसतील. बदलली होती ती खिडकी.

आजचे घर पुढच्या महिन्यात पुरत नाही

घर सुरक्षित करणे म्हणजे एका रविवारी उरकून टाकण्याचे काम असे आपल्याला वाटते, आणि तिथेच फसगत होते. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळ पालथे पडू लागते, आणि काल जिथे ठेवले तिथेच सापडणारे मूल आज पलंगाच्या कडेला गेलेले असते. सातव्या-आठव्या महिन्यापासून ते रांगते, चिमटीत बारीक वस्तू पकडायला शिकते आणि पकडलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालते, कारण त्या वयात वस्तूची ओळख तोंडानेच होते. वर्षाच्या आसपास ते धरून उभे राहते, म्हणजे टीपॉयवरचा चहा त्याच्या हाताशी आला. दीड वर्षानंतर ते चढते आणि थोड्याच दिवसांत चढण्यासाठी स्टूल ओढत आणायलाही शिकते. यातली प्रत्येक पायरी कोणालाही न विचारता, बहुतेक वेळा आपण घरी नसताना किंवा पाठ वळलेली असताना, पहिल्यांदा गाठली जाते. म्हणून बंदोबस्त मुलाच्या एक पायरी पुढचा असावा लागतो.

उंचीचा भरवसाही मर्यादितच असतो. आपल्याकडे दही-लोणी शिंक्यावर टांगत असत आणि त्या शिंक्याचे गोकुळात काय झाले, हे आपण दर गोपाळकाल्याला पाहतो. ज्या वस्तूने जिवावर बेतू शकते ती उंच ठेवलेली असावी आणि कडीबंदही असावी.

माझ्या भाचीला रांगता येऊ लागले तेव्हा बहिणीच्या घरी मी स्वतः पालथे पडून, कोपरांवर सरकत सगळ्या खोल्या पाहिल्या. घरातल्यांची करमणूक झाली, पण वीस मिनिटांत जे मिळाले ते असे: सोफ्याखाली तीन शेंगदाणे आणि एक स्क्रू, टीव्हीमागे लोंबणारी वायर, पलंगाखाली सरकवलेली डासांच्या मशीनची अर्धी भरलेली बाटली, आणि देव्हाऱ्याच्या खालच्या खणात झाकण सैल झालेली कापराची डबी. उभ्याने त्या घरात यातले काहीच दिसत नव्हते. घर रोज झाडले-पुसले जात होते.

पाणी: बादलीभरही फार झाले

नवजात बाळाच्या एकूण लांबीचा चौथा भाग डोक्याचा असतो. मोठ्या माणसात तो साधारण आठवा भाग उरतो. याचा अर्थ असा की एक-दीड वर्षाच्या मुलाचा भार वरच्या अंगाला असतो. पाण्याने अर्ध्या भरलेल्या वीस लिटरच्या बादलीत डोकावताना तोल गेला की डोके आत जाते, पाय हवेत येतात आणि हातांत स्वतःला वर ढकलण्याइतकी ताकद नसते. प्लॅस्टिकची बादली पाणी असताना सहज कलंडत नाही, म्हणून ती मुलाबरोबर आडवीही होत नाही. नाक-तोंड बुडेल एवढे, म्हणजे दोन इंच पाणी पुरते. सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो, हात मारतो. मोरीतल्या बादलीत पडलेल्या बाळाचा आवाज येत नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत कायमचे नुकसान सुरू होते.

ज्या शहरात सकाळी तासभर पाणी येते, त्या शहरात पिंप, बादल्या, कळश्या भरून ठेवल्याशिवाय घर चालत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून ‘पाणी भरून ठेवू नका’ हा सल्ला इथे निरर्थक ठरतो. इथला कठडा म्हणजे मोरीच्या किंवा न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर बसवलेली कडी; पिंपाला घट्ट बसणारे झाकण; आणि वापरून झालेली बादली उपडी घालण्याची सवय. गावाकडे जाणाऱ्यांनी अंगणातला हौद, गोठ्यातले टाके आणि शेततळे यांचाही विचार जाण्याआधीच करावा, कारण पाहुणे म्हणून गेलेल्या मुलाला त्या घराची ओळख नसते आणि त्या घरालाही मुलाची सवय नसते.

भाजणे: अंश आणि सेकंद

गरम वस्तूने किती भाजेल हे दोन गोष्टींवर ठरते: ती किती अंश तापलेली आहे आणि कातडीला किती वेळ लागून राहते. साठ अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला सुमारे पाच सेकंद लागतात. लहान मुलाची कातडी पातळ असल्याने त्याला साधारण एक सेकंद पुरतो. तेच पाणी पन्नास अंशांच्या आत असेल तर काही मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात मूल रडते, कोणीतरी धावते, हात बाहेर निघतो. गिझरचा काटा साठ-पासष्टवर आहे की पन्नासच्या खाली, हा फरक असा एका सेकंदाचा आणि काही मिनिटांचा असतो. काटा फिरवायला पैसे पडत नाहीत.

पण आपल्याकडे सगळ्यांकडे गिझर नाही. असंख्य घरांत पाणी बादलीत रॉड सोडून तापवतात, किंवा गॅसवर पातेले उकळून ते दोन्ही हातांनी उचलत मोरीपर्यंत नेतात. या दोन्ही पद्धती लहान मुलासाठी फार वाईट आहेत. रॉडच्या बादलीत उकळते पाणी आणि वीज एकाच जागी, तीही मुलाच्या छातीच्या उंचीवर असते. रॉड वापरावाच लागत असेल तर दार बंद करून, कडी लावून, आणि तीस मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच बसवलेल्या लाइनवरच वापरावा. हा स्विच, ज्याला वायरमन ‘आरसीसीबी’ म्हणतात, वीज ठरलेल्या वाटेऐवजी शरीरातून जमिनीत जाऊ लागली की एका सेकंदाच्याही आत पुरवठा तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो. माझ्या मते ज्या घरात मूल आहे, तिथे प्लगच्या भोकांत बसवायच्या रंगीत बुचांपेक्षा आधी हा स्विच यावा. बुचे आज आहेत आणि उद्या सोफ्याखाली.

अंघोळीसाठी पाणी काढताना आधी गार, मग गरम, हा क्रम जुन्या बायका पाळत असत, आणि त्यामागचे कारण वर आलेच आहे. चहाबद्दल मात्र आपण बेसावध असतो. नुकत्याच गाळलेल्या चहाचा कप मुलाच्या छातीवर सांडला तर त्याच्या अंगाच्या मानाने ती जखम फार मोठी असते, आणि पंधरा मिनिटे होऊन गेलेला चहाही तान्ह्या कातडीला पोळू शकतो. मांडीवर बाळ आणि हातात कप, हे दृश्य कितीही घरगुती असले तरी दोहोंपैकी एकच गोष्ट एका वेळी हातात असावी. कढईचा दांडा भिंतीकडे वळवावा, टीपॉयवरचा मेजपोश काढून टाकावा, आणि जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या घरांत ओट्याऐवजी एखादी आडवी फळी किंवा जाळीचे फाटक तरी मूल आणि शेगडी यांच्यामध्ये असावे.

शेंगदाणा आणि सेल

लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी जाड असते. अख्खा शेंगदाणा चावून बारीक करायला दाढा लागतात. पहिल्या दुधाच्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात आणि त्या आल्या तरी नीट चावण्याची सवय पुढे बरीच वर्षे लागत जाते. म्हणून निदान चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याचे दाणे, सुपारी, सीताफळ-चिकूच्या बिया देऊ नयेत. कूट करून, भिजवून वाटून, लाडवात कुस्करून शेंगदाणा खुशाल द्यावा. आक्षेप त्याच्या आकाराला आहे. द्राक्ष द्यायचे तर उभे चार तुकडे करून द्यावे, कारण गोल आणि गुळगुळीत वस्तू नळीत बुचासारखी बसते. हसताना, धावताना, झोपाळ्यावर घास भरवणे हाच धोका वाढवते. एकदा जोराचा ठसका लागून मूल शांत झाले, पण नंतर काही दिवस खोकला आणि एकाच बाजूने घरघर राहिली, तर दाणा फुप्फुसाच्या फांदीत बसल्याची शक्यता असते. डॉक्टरांना तो ठसका आठवणीने सांगावा.

खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत एक साधी चाचणी असते: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळकांड्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात असता कामा नये. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, त्यावरून अंदाज यावा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. जत्रेतल्या आणि सिग्नलवरच्या खेळण्यांवर ते शोधून पाहा. आणि हो, बाळाच्या गळ्यातला काळ्या मण्यांचा दोरा तुटला की त्याचे मणीही याच नळकांड्यात मावतात. न तुटणारा दोरा तर त्याहून वाईट, कारण तो कशाला तरी अडकून गळ्याला फास लावू शकतो. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरी आहेच.

आता सेल. रिमोट, वजनकाटा, गाडीची चावी, दिवाळीतले चायनीज दिवे, आवाज करणारे वाढदिवसाचे कार्ड यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. बरेच लोक समजतात की तो फुटून आतले रसायन बाहेर आले तर धोका. प्रत्यक्षात तो अखंड असतानाच जाळतो. वीस मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओल्या पेशींतून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला पाण्यापासून तीव्र अल्कली तयार होते, म्हणजे गटार साफ करणाऱ्या कॉस्टिकच्या जातीचे रसायन. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. पुढे ती शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेली तर सेल काढल्यावर काही दिवसांनीही जीव जाऊ शकतो. रिमोट चालवू न शकणाऱ्या, ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढे करण्यापुरती वीज शिल्लक असते, म्हणून जुना सेल बदलल्यावर टीव्हीच्या कपाटावर ठेवणे म्हणजे धोका एकाचे दोन करणे.

इथला कठडा अगदी स्वस्त आहे: रिमोटच्या मागचे झाकण स्क्रूने बंद होणारे नसेल तर त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून अशा सेलचे कप्पे मुलाला उघडता येणार नाहीत असे असण्याची सक्ती केली.

विष देव्हाऱ्यातही असते

विष म्हटले की आपल्याला फवारणीचे औषध आठवते. शहरी घरातले विष साध्या बाटल्यांत असते. डासांच्या मशीनमधल्या द्रवात कीटकनाशक रॉकेलसारख्या तेलात मिसळलेले असते. असे पातळ तेल प्यायल्यावर पोटापेक्षा ते श्वासात जाण्याचा धोका मोठा असतो, आणि म्हणूनच उलटी करवणे घातक ठरते. उलटीबरोबर ते दुसऱ्यांदा घशाशी येते आणि फुप्फुसात उतरते. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालणे, हे आपले हुकमी उपाय इथे अपाय करतात.

कापूर पांढरा, वड्यांचा आणि खडीसाखरेच्या शेजारी ठेवलेला असतो. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅम कापूरही जिवावर बेतू शकतो आणि काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. उंदीर मारण्याची एक प्रकारची पेस्ट ट्यूबमध्ये मिळते आणि दिसते टूथपेस्टसारखी. तिच्यातला पिवळा फॉस्फरस अधिक कपटी आहे, कारण सुरुवातीच्या उलट्यांनंतर मूल एक-दोन दिवस बरे वाटते आणि मग यकृत निकामी होऊ लागते. ‘आता खेळतोय की’ म्हणून दवाखाना टाळू नये. गुडघेदुखीवरच्या शुद्ध गंधपुरा तेलाच्या चहाच्या एका चमच्यात जवळजवळ सात ग्रॅम अ‍ॅस्पिरिनएवढे द्रव्य असते, म्हणजे लहान मुलाच्या जिवावर बेतेल एवढे.

तरीही मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आजी-आजोबांच्या उशाशी असलेल्या डबीची. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची काही औषधे अशी आहेत की मोठ्या माणसाची रोजची एक गोळीही दोन वर्षांच्या मुलाला धोक्यात आणू शकते. गरोदरपणातल्या लोहाच्या लाल गोळ्या तर जेम्ससारख्या दिसतात. आजीला वारंवार उठून कपाट उघडायला लावणे बरोबर नाही, हे खरे. पण भिंतीवर तिच्या डोक्याच्या उंचीला एक छोटे कडीचे कपाट ठोकले तर तिलाही वाकावे लागत नाही. आणि अ‍ॅसिड किंवा थिनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणे तर मूल नसलेल्या घरातही बंद झाले पाहिजे, कारण त्या बाटलीतून मोठी माणसेही प्यायली आहेत.

खिडकी, गॅलरी आणि आगीचा प्रश्न

खिडकीला स्लायडिंगची डासांची जाळी आहे म्हणून निर्धास्त राहणारी घरे मी पाहिली आहेत. ती जाळी डास अडवते. दहा-बारा किलोचे मूल टेकले की चौकटीसकट बाहेर जाते. गज हवेत, ते उभे हवेत, आणि दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर हवे. आडवे गज म्हणजे मुलासाठी शिडीच. बाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणारी माणसे नकळत मुलाला आत उतरायचे आमंत्रण देतात. खिडकीखालचा सोफा, दिवाण, चपलांचे कपाट हलवणे हा सर्वांत पहिला आणि फुकटचा उपाय. गॅलरीत खुर्ची किंवा उपडी बादली ठेवू नये.

ग्रिलवरचा आक्षेप रास्त आहे: आग लागली तर बाहेर कसे पडणार? म्हणून प्रत्येक घरात निदान एका ग्रिलला कुलूप लावता येईल अशी दारासारखी उघडणारी चौकट असावी, आणि तिची किल्ली त्याच खिडकीजवळ, पण मोठ्या माणसाच्याच हाताला येईल अशा खिळ्यावर टांगलेली असावी. सोसायटी दर्शनी भागाच्या शोभेसाठी बाहेरून ग्रिल लावू देत नसेल तर आतून, चौकटीच्या आतल्या बाजूला लावावे.

पाळण्यात आणि वॉकरमध्ये

बाळाला झोपवण्याबाबत एकच ठळक गोष्ट सांगतो. पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची आपली रीत प्रेमातून आली आहे, पण पहिल्या वर्षात बाळाच्या तोंडाजवळ मऊ काही नसावे, हे बालरोगतज्ज्ञांचे मत आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये ‘पाठीवर झोपवा’ ही मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्यावर आले.

बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला हमखास येणारी भेट म्हणजे चाकांचा वॉकर. त्याने मूल लवकर चालत नाही; ते फक्त सेकंदाला तीन-एक फुटांच्या वेगाने जिन्याकडे, शेगडीकडे, टेबलाच्या वायरीकडे पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. भेट देणाऱ्याचे आभार मानावेत आणि तो माळ्यावर टाकावा.

‘आम्ही नाही का वाढलो?’

हे वाक्य म्हणायला जे उरले तेच ते म्हणतात, हा पहिला मुद्दा. जुन्या गावात चौकशी करा. हौदात गेलेले, चुलीच्या आधणाने पोळलेले एखादे मूल आठवणारी म्हातारी माणसे भेटतातच. दुसरा मुद्दा असा की तेव्हाचे घर वेगळे होते. एकाच मजल्याचे होते, त्यात चार आत्या-काकू होत्या, आणि नाण्यासारखे सेल नव्हते. आज तेराव्या मजल्यावर एक मूल आणि एक माणूस दिवसभर असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुलाला पडू द्यावे, त्याशिवाय ते शिकत नाही. हे अगदी खरे आहे. म्हणून मी टेबलाच्या कोपऱ्यांना लावायच्या रबरी टोप्यांबद्दल या लेखात काही लिहिलेले नाही. गुडघा फुटतो, टेंगूळ येते, बोट दारात चेमटते. हे भरून येते आणि त्यातून मूल शिकतेही. बादली, उकळते पाणी, सेल, खिडकी आणि विष यांच्या बाबतीत चूक पुन्हा करायची संधी मिळत नाही. ज्या जखमेतून शिकायला मूल उरत नाही, तिथेच फक्त कठडा. असे केले की दिवसभर ‘नको, नको’ म्हणण्याची गरजही बरीच कमी होते, आणि मुलाला मोकळे फिरता येते.

आणि खोली दहा बाय बाराची, तीही भाड्याची असेल तर? महागडी बेबी-प्रूफिंगची खोकी विकत घेण्याचे कारण नाही. एक दाराची कडी, पिंपाचे झाकण, एक चिकटपट्टी, कपाटाच्या दोन मुठींमधून ओवलेला नाडा, आणि भिंतीत मारलेल्या दोन मजबूत खुंट्या एवढ्यात बरेच होते. टीव्ही ड्रॉवरच्या कपाटावर ठेवलेला असेल तर तो भिंतीला बांधून घ्यावा. मूल उघड्या ड्रॉवरची पायरी करते आणि सगळा डोलारा अंगावर येतो.

तरीही झालेच तर

भाजले तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. घशात अडकून आवाजच बंद झाला तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब, असे आलटून पालटून. वर्षावरच्या मुलाला पाठीत पाच थापा आणि बेंबीच्या वर मागून पाच दाब. मूल खोकत असेल तर खोकू द्यावे. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपू नये, ती आणखी आत जाते. सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी लगेच क्ष-किरण काढता येईल अशा रुग्णालयात जावे. मूल एक वर्षावरचे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा, पण मध शोधण्यासाठी थांबू नये. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये.

विषबाधेसाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे आणि तो चोवीस तास चालतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही क्रमांक फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावेत आणि मोबाइल लॉक असतानाही ते शेजारणीला दिसावेत, कारण त्या वेळी घरात बहुधा तीच धावत येते. दवाखान्यात जाताना बाटली, रॅपर किंवा गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी.

एक जागा मात्र वरच्या सगळ्या कड्या-कुलपांतून सुटते. संध्याकाळी मावशी किंवा काकू भेटायला येतात, पर्स सोफ्यावर ठेवतात आणि स्वयंपाकघरात गप्पा मारायला जातात. त्या पर्समध्ये रक्तदाबाच्या गोळ्या, सुपारीची डबी, बामची बाटली आणि सुटी नाणी असतात, आणि तिची चेन उघडायला रांगत्या बाळाला कोणी शिकवावे लागत नाही. बहिणीने दारामागे साडेपाच फुटांवर एक खुंटी ठोकून घेतली आहे. आलेल्या प्रत्येकाची पर्स, हसत हसत, पाणी विचारण्याच्या आधी ती तिथे टांगते.